टाचेवरची जखम: एस-१०० पॉझिटिव्ह, एचएमबी-४५ निगेटिव्ह. पुढचे मार्कर कोणते मागवावेत?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. एका ब्लॉकवर (पॅराफिनमध्ये बसवलेल्या तुकड्यावर) मत हवंय, शक्यतो ज्यांच्याकडे आयएचसी (अँटिबॉडीने पेशीतली ठरावीक प्रथिनं, म्हणजे मार्कर, रंगवून बघणं) रोज चालतं त्यांचं.

साठी ओलांडलेले शेतकरी, टाचेवर न भरणारी जखम. आधी कुरूप समजून कॉर्न कॅप, मग घरच्यांनी बिब्बा लावला, मग ड्रेसिंग. साखर नॉर्मल. सर्जननी जखमेच्या कडेचा ४ मिमीचा पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा) पाठवला. एच अँड ईमध्ये (नेहमीच्या रंगात) वर व्रण, खाली डर्मिसभर (त्वचेच्या आतल्या थरात) स्पिंडल (लांबट, टोकदार) पेशी, केंद्रकं मोठी आणि बेढब, मायटोसिस (पेशीविभाजन) भरपूर. रंगद्रव्य जवळजवळ नाहीच. एपिडर्मिस (त्वचेचा वरचा थर) एका कडेला जेमतेम १ मिमी आलंय, त्यात ठामपणे बोट ठेवावं असं काही नाही.

ब्लॉक बाहेर पाठवून तीन मार्कर झाले. एस-१०० सगळीकडे पॉझिटिव्ह, एचएमबी-४५ (मेलॅनोमाचा मार्कर) निगेटिव्ह, पॅनसायटोकेराटिन (एपिथेलियल पेशींचा मार्कर) ‘फोकल पॉझिटिव्ह’, म्हणजे तुरळक. रिपोर्ट आला ‘पुअरली डिफरन्शिएटेड मॅलिग्नंट ट्यूमर, क्लिनिकल कोरिलेशन करावे’. आता सर्जन विचारतात, मेलॅनोमा (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) धरायचा की स्क्वॅमस कार्सिनोमा (एपिडर्मिसच्या पेशींचा)? एचएमबी निगेटिव्ह म्हणजे मेलॅनोमा बाद, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय.

पेशंटची ऐपत बेताची आहे, दहा मार्करचं पॅनल शक्य नाही. दोन-तीनच मागवायचे तर कोणते? आणि ब्लॉकमध्ये मटेरियल थोडंच उरलंय, ते कसं पुरवायचं?

पेशीवाचक (मिरज)

एचएमबी निगेटिव्ह म्हणून मेलॅनोमा बाद होत नाही. स्पिंडल पेशींच्या, त्यातही डेस्मोप्लास्टिक (भोवती भरपूर तंतू असलेल्या) मेलॅनोमात एचएमबी-४५ आणि मेलान-ए (तसाच दुसरा मार्कर) दोन्ही निगेटिव्ह येणं हे नेहमीचंच आहे. हे दोन्ही मार्कर खात्रीचे आहेत, पण संवेदनशील नाहीत. आले तर भक्कम पुरावा, नाही आले तर काहीच सिद्ध होत नाही. एस-१०० आणि सॉक्स-१० यांचं नेमकं उलटं. मेलॅनोमा सहसा त्यांच्या हातून निसटत नाही, पण त्यांच्या जाळ्यात इतरही बरेच सापडतात.

तुमच्या केसमध्ये मी दोनच मागवीन: सॉक्स-१० आणि पी-४० (हा स्क्वॅमस पेशींचा). दोन्ही केंद्रकातले मार्कर आहेत, त्यामुळे ‘हलकं सायटोप्लाझ्मिक, कदाचित बॅकग्राउंड’ असला गोंधळ राहत नाही. सॉक्स-१० जोरदार आणि पी-४० निगेटिव्ह आला तर स्क्वॅमसचा विषय मिटला. पी-४० पॉझिटिव्ह, सॉक्स-१० निगेटिव्ह असेल तर स्क्वॅमस. मग एस-१०० वर दिसलेल्या पेशी कोणत्या होत्या ते पुन्हा बघा. दोन्ही निगेटिव्ह आले तरच डेस्मिन (स्नायूंचा), सीडी-३४ (रक्तवाहिन्या आणि काही मऊ ऊतींचा) वगैरेंच्या वाटेला जायचं.

ही एस-१०० ची स्लाइड मात्र बाहेरच्या लॅबकडून मागवून स्वतःच्या डोळ्यांनी बघाच. स्क्वॅमस कार्सिनोमात लँगरहान्स पेशी (त्वचेतल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) भरपूर घुसलेल्या असतात आणि त्या एस-१०० घेतात. कमी पॉवरवर अख्खं क्षेत्र तपकिरी वाटतं. ४० च्या ऑब्जेक्टिव्हवर गेलात की कळतं, फांद्या फुटलेल्या बारीक पेशी रंगल्यात आणि मधली मोठी बेढब केंद्रकं निळीच आहेत. मेलॅनोमात त्या बेढब पेशीचं केंद्रक आणि सायटोप्लाझम दोन्ही रंगलेलं दिसलं पाहिजे. सॉक्स-१० लँगरहान्स पेशींना लागत नाही, म्हणूनही तो इथे उपयोगाचा.

फोकल केराटिनची धास्ती घेऊ नका. मेलॅनोमात थोड्या पेशी केराटिन घेतात, क्वचित डेस्मिनही घेतात. बाकीचं चित्र एका बाजूला झुकत असताना तुरळक केराटिनवर निदान फिरवू नये.

पायाचा ट्यूमर आहे म्हणून आणखी एक गोष्ट. क्लिअर सेल सार्कोमा हा स्नायुबंध आणि ॲपोन्यूरोसिसच्या (चपट्या, पडद्यासारख्या स्नायुबंधाच्या) आसपास होतो आणि एस-१००, सॉक्स-१०, एचएमबी, मेलान-ए सगळे घेतो. तो आणि मेलॅनोमा आयएचसीने वेगळे करताच येत नाहीत. त्याला ईडब्ल्यूएसआर-१ या जीनची फिश तपासणी (जीन तुटलाय का ते बघणारी) लागते. पण तो बहुतेक तरुणांत, खोलवर आणि वरची त्वचा शाबूत ठेवून वाढतो. साठीच्या माणसाचा, व्रण पडलेला, वरून सुरू झालेला ट्यूमर असेल तर तो मनात ठेवायचा, पेशंटला खर्चात पाडायचं नाही. नर्व्ह शीथ (नसेच्या आवरणाच्या) ट्यूमरचंही तेच. त्यात एस-१०० सहसा तुटक-तुटक येतो, असा सर्वदूर नाही.

पीआरएएमई हा मार्कर सध्या सगळीकडे मागवला जातो. इथे नको. तो तीळ की मेलॅनोमा हा प्रश्न असेल तेव्हा कामाचा. पेशी मुळात कुठल्या वंशाची हे तो सांगत नाही, दुसऱ्या अनेक ट्यूमरमध्येही येतो आणि डेस्मोप्लास्टिकमध्ये बऱ्याचदा येतही नाही. की-६७ (पेशींच्या वाढीचा वेग दाखवणारा मार्कर) वर तर या केसमध्ये एक पैसाही घालवू नका. मायटोसिस डोळ्यांना दिसतायत, टक्केवारी कळून निदान हलणार नाही.

रंगकाम (मिरज)

मटेरियल पुरवण्याबद्दल. ब्लॉक दर वेळी मायक्रोटोमवर (पातळ सेक्शन कापायच्या यंत्रावर) नव्याने चढवला की पृष्ठभाग सपाट करण्यातच बरेच सेक्शन वाया जातात. तीनदा पाठवलात तर ४ मिमीच्या पंचात काही उरणार नाही. म्हणून पुढच्या खेपेला एकदाच चढवायला सांगा आणि ३ ते ४ मायक्रॉनचे १० सेक्शन सलग कोटेड स्लाइडवर घेऊन ठेवायला सांगा. पहिल्यावर आणि शेवटच्यावर एच अँड ई, म्हणजे ट्यूमर अजून शिल्लक आहे की नाही कळतं. उरलेले न रंगवलेले सेक्शन फ्रिजमध्ये. पण ते काही महिने तसेच ठेवून मग वापरू नयेत; कापलेल्या सेक्शनवरचं अँटिजेन हळूहळू मरतं, केंद्रकातले मार्कर आधी फिके पडतात. ब्लॉकमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं.

तळव्याच्या कातडीची खरी अडचण म्हणजे जाड केराटिन. सुरी त्यावर उडते, सेक्शनला पट्टे पडतात आणि रिट्रीव्हलमध्ये (अँटिजेन उघडं व्हावं म्हणून बफरमध्ये तापवताना) नेमका तोच भाग सुटून स्लाइडवर दुमडतो. कापण्याआधी ब्लॉकचं तोंड बर्फाच्या पाण्यात १० ते १५ मिनिटं ठेवा. पॉझिटिव्ह चार्ज्ड स्लाइडच घ्या, घरी अंड्याचा पांढरा भाग लावलेल्या नकोत. ६० अंशांवर तासभर तरी भाजा, ओला सेक्शन सरळ बफरमध्ये गेला तर टिकत नाही.

सॉक्स-१० आणि पी-४० ला आम्ही ट्रिस-ईडीटीए, पीएच ९ वापरतो. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ट्रिस १.२१ ग्रॅम, ईडीटीए ०.३७ ग्रॅम, पीएच ९ ला आणून ट्वीन-२० अर्धा मिली. प्रेशर कुकरमध्ये बफर आधी उकळवून घ्यायचं, मग स्लाइड सोडायच्या. पूर्ण प्रेशर आल्यावर २ ते ३ मिनिटं. नंतर झाकण उघडून गार पाणी ओतायची घाई नको, बफरसकट २० मिनिटं निवू द्या. सेक्शन उचलले जातात ते बहुतेक या दोन ठिकाणी, खळखळ उकळताना आणि एकदम थंड करताना.

ट्यूमरमध्ये रंगद्रव्य भरपूर असेल (तुमच्यात नाही, पण पुढच्या केसला लागेल) तर डीएबीचा (आयएचसीतल्या नेहमीच्या रंगाचा) तपकिरी आणि मेलॅनिनचा तपकिरी एकमेकांत मिसळतात. त्यावर तीन वाटा आहेत. लाल क्रोमोजेन (मार्कर दाखवणारा रंग) घ्या; पण त्यातला एईसी अल्कोहोलमध्ये विरघळतो, त्याला ग्लिसरीन जेलीतच माउंट करायचं. नेहमीच्या सवयीने अल्कोहोल-झायलिनमधून नेलात की रंग गेलाच. अल्कलाइन फॉस्फेटेजवाला लाल घेत असाल तर धुण्याला ट्रिसचं बफर घ्या, फॉस्फेट बफरने ते एन्झाइमच दबतं. दुसरी वाट म्हणजे डीएबीच ठेवून काउंटरस्टेनला (पार्श्वभूमीच्या रंगाला) हिमॅटॉक्सिलिनऐवजी जिएम्सा. मेलॅनिन हिरवट-निळं दिसतं आणि डीएबी तपकिरीच राहतं. ही मला सगळ्यात सोपी वाटते. तिसरी परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडने ब्लीच करायची. अगदी गळ्याशी आलं तरच, कारण त्यात सेक्शनही जातो आणि काही अँटिजेनही.

पेशीवाचक (मिरज)

कंट्रोलबद्दल (रंग नीट लागला हे दाखवणाऱ्या पेशींबद्दल) एक भर. एस-१०० ला घामाच्या ग्रंथी, नसांचे तंतू आणि लँगरहान्स पेशी हे त्याच स्लाइडवरचे कंट्रोल. सॉक्स-१० ला घामग्रंथींचं स्रावी वेटोळं आणि नसांमधल्या श्वान पेशी. हे रंगले नसतील तर ट्यूमर निगेटिव्ह आला या वाक्याला किंमत नाही, रन पुन्हा लावायला सांगा. एचएमबी-४५ चं वेगळं आहे. प्रौढ माणसाच्या साध्या, शांत मेलॅनोसाइटला तो सहसा लागत नाही, त्यामुळे त्वचेच्या सेक्शनमध्ये त्याला भरवशाचा अंतर्गत कंट्रोल नसतो. शेजारी ठरलेल्या मेलॅनोमाचा तुकडा लावलेला असायलाच हवा. तुमच्या रिपोर्टमध्ये कंट्रोलचा उल्लेख आहे का बघा.

त्वचा_कराड (कराड)

बायोप्सीबद्दल बोलतो, कारण निम्मं दुखणं तिथलं आहे.

व्रणाच्या कडेचा ४ मिमी पंच म्हणजे निम्मा सडका भाग आणि निम्मा ट्यूमर. मेलॅनोमा त्वचेतूनच सुरू झाला हे सिद्ध करणारा पुरावा, म्हणजे एपिडर्मिसच्या तळाशी रांगेने बसलेल्या विकृत पेशी, तो व्रणाच्या पलीकडे, काळपट झाक असलेल्या न फुटलेल्या कातडीत असतो. सर्जनना सांगा, नवीन तुकडा जखमेच्या कडेपासून बाहेर काळ्या झाकेपर्यंत लांबट, इन्सिजनल घ्या, आणि खाली चरबीपर्यंत. शेव्ह (वरवर तासून घेतलेली) बायोप्सी तळव्यावर नकोच. जाडी मोजायचा तळ कापला गेला की तो परत मिळत नाही.

लॅबमध्ये तो तुकडा कातडीवरच्या रेषांना काटकोनात कापा. बोटांच्या ठशासारख्या ज्या रेषा तळव्यावर असतात, त्यांना समांतर कापलं की पेशी उंचवट्यात आहेत की खाचेत हे कळत नाही. तळव्यावरचा साधा तीळ जास्त करून खाचेच्या बाजूने बसतो, सुरुवातीचा मेलॅनोमा उंचवट्याच्या बाजूने. डर्मोस्कोपीतही (त्वचा खास भिंगातून बघताना) हेच बघतात, उंचवट्यांवर समांतर काळे पट्टे. तुकडा बाटलीत टाकण्याआधी रेषांच्या दिशेने एक टाका घातला आणि फॉर्मवर तसं लिहिलं की काम झालं.

कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं, वरचे थर त्याने पांढरे पडून मेलेले असतात. बिब्ब्याने भाजलेली कड घेतलीत तर फोड, नेक्रोसिस आणि दाह असं सगळं दिसेल, आणि निदानातच बिब्बा पडेल. काय-काय लावलं होतं ते पेशंटला नीट विचारून फॉर्मवर लिहा. ‘नॉन हीलिंग अल्सर’ एवढ्या दोन शब्दांवर पॅथॉलॉजिस्टने काय करायचं?

आणि टाचेवरचं प्रत्येक काळं मेलॅनोमा नसतं. घासून, आपटून वरच्या मेलेल्या थरात रक्त साकळतं, तेही कोळशासारखं काळं दिसतं. ब्लेडने वरचा थर हलके खरवडला की निघून येतं. इथे एक फसवणूक आहे: ते रक्त असूनही पर्ल्सच्या स्टेनला (लोह दाखवणाऱ्या) निळं येत नाही. कॉर्नियममध्ये (त्या मेलेल्या थरात) मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) नसतात, त्यामुळे हिमोग्लोबिनचं हिमोसिडेरिन (लोहाचे कण) होतच नाही. पर्ल्स निगेटिव्ह म्हणून ‘मेलॅनिन’ लिहून टाकू नका.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो. सॉक्स-१० सगळ्या बेढब केंद्रकांत जोरदार, पी-४० ट्यूमरमध्ये निगेटिव्ह आणि वरच्या एपिडर्मिसमध्ये छान पॉझिटिव्ह, म्हणजे रन ठीक आहे. एस-१०० ची स्लाइड मागवून बघितली, ट्यूमर पेशीच रंगल्यात. सर्जन दुसरा तुकडा घेणार आहेत.

आता नवा घोळ. नव्या सेक्शनमध्ये तपकिरी-काळे बारीक कण दिसतायत, पेशींच्या आत नाहीत, रक्त साकळलंय तिथे जास्त. मेलॅनिन म्हणायचं का? आणि रिपोर्टमध्ये जाडी (ट्यूमर किती खोल गेलाय ते) लिहू का? सर्जन तेच विचारतायत.

रंगकाम (मिरज)

रक्ताच्या जागी, पेशींच्या बाहेर असेल तर नव्वद टक्के फॉर्मेलिन पिगमेंट. बाटलीतलं फॉर्मेलिन आंबट झालं की (पीएच ६ च्या खाली) हिमोग्लोबिनशी मिळून हे कण बनतात. कंडेन्सरखाली एक पोलरॉइड, वर एक, आणि फिरवा. चमकले तर फॉर्मेलिनचे, मेलॅनिन असं चमकत नाही. काढायचे असतील तर सेक्शन अल्कोहोलमधल्या संपृक्त पिक्रिक ॲसिडमध्ये १५ मिनिटांपासून पुढे ठेवा, मग वाहत्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. पिक्रिक ॲसिडची बाटली कोरडी पडू देऊ नका, वाळलं की स्फोटक असतं. झाकणाच्या आट्यांतले खडेही पुसून ठेवा. मेलॅनिनची खात्री हवी असेल तर मॅसन-फोंटाना स्टेन करा.

बाटली कुठून आली तेही बघा. बऱ्याच ठिकाणी कॅनमधलं ४० टक्क्यांचं घेऊन अंदाजे नळाचं पाणी ओततात. नीट करायचं तर: ते १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट निर्जल ६.५ ग्रॅम. पाणी डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं). नदीकाठच्या पट्ट्यातलं बोअरचं जड पाणी घेतलंत तर फॉस्फेट कॅल्शियमबरोबर गाळ होऊन तळाशी बसतं, बफर नावापुरतं उरतं आणि उन्हाळ्यात बाटली पुन्हा आंबट. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मेलिन, रुंद तोंडाची बाटली. इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत कोंबलेला तुकडा आत जाताना मऊ असतो, फिक्स झाल्यावर बाहेर येत नाही आणि चिमट्याने ओढताना चिरडतो. फिक्सेशन ६ तासांपेक्षा कमी नको. शनिवारी ठेवलेला तुकडा सोमवारी प्रोसेस झाला तरी चालतं, आठवडाभर पडून राहिलेल्याला रिट्रीव्हल वाढवावं लागतं.

मे महिन्यात ब्लॉक पार्सलने पाठवताना थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक ठेवा. एसटीच्या टपावर किंवा उन्हात उभ्या गाडीत पॅराफिन मऊ पडून ब्लॉक कॅसेटवरून सरकतो.

पेशीवाचक (मिरज)

जाडी: पंचमध्ये ट्यूमर तळापर्यंत असेल तर आकडा लिहा, पण ‘किमान’ शब्दासकट आणि ‘तळाची कड ट्यूमरग्रस्त’ या नोंदीसकट. नुसता आकडा गेला की सर्जन भोवतीची किती कड काढायची ते त्यावरच ठरवतात. मोजणी ग्रॅन्युलर थराच्या वरच्या काठापासून, व्रण असेल तिथे व्रणाच्या तळापासून, सर्वांत खोल ट्यूमर पेशीपर्यंत. तळव्याचा जाड कॉर्नियम धरायचा नाही. धरला तर मिलिमीटरभर फुकटचा वाढतो. आयपीस मायक्रोमीटर स्टेज मायक्रोमीटरवर जुळवलेला हवा, आकडा ०.१ मिमीपर्यंत. एजेसीसीच्या (कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या नियमावलीच्या) आठव्या आवृत्तीत ०.८ मिमीची रेघ महत्त्वाची आहे, आणि व्रण असेल तर त्याखालचाही टी-१-बी (टी-१ मधला वरचा टप्पा) होतो. व्रण मात्र ट्यूमरमुळे पडलेला हवा. बिब्ब्याने भाजून किंवा आधीच्या बायोप्सीने पडलेला नाही. तुमच्या केसमध्ये हा प्रश्न खरोखरच येणार, म्हणून लावलेल्या औषधांची नोंद रिपोर्टमध्येही ठेवा.

मायटोसिस दर चौरस मिमीला मोजा, सर्वांत जास्त असलेल्या जागेपासून सुरुवात करून. ४० च्या ऑब्जेक्टिव्हला फील्डचा व्यास ०.५ मिमी असेल तर साधारण पाच फील्ड म्हणजे एक चौरस मिमी. तुमच्या मायक्रोस्कोपचा व्यास आधी मोजून घ्या, सगळ्यांचा सारखा नसतो.

एक विनंती, दुसऱ्या तुकड्यातलं थोडं मटेरियल राखून ठेवा. तळव्याच्या मेलॅनोमात पुढे औषधं लागली तर बीआरएएफ आणि केआयटी या जीनमधले बदल (म्युटेशन) विचारतील. केआयटीसाठी सीडी-११७ चं (केआयटीच्या प्रथिनाचं) आयएचसी करून भागत नाही. पॉझिटिव्ह आलं म्हणजे म्युटेशन आहेच असं नाही, सिक्वेन्सिंगच लागतं.

अजिंक्यतारा (सातारा)

याच धाग्यात घुसतो, माफ करा. एस-१०० चा विषय निघालाच आहे म्हणून. चेहऱ्यावरचा चट्टा, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींची गाठ), झेडएन (क्षयासारख्या जंतूंचा स्टेन) निगेटिव्ह. कुष्ठरोग, ल्युपस व्हल्गॅरिस (त्वचेचा क्षय) की सार्कॉइड (जंतूंशिवाय ग्रॅन्युलोमा होणारा आजार)? एस-१०० ने काही निघेल का?

रंगकाम (मिरज)

आधी झेडएन सोडून फाइट-फॅराको स्टेन करा. कुष्ठाचा जंतू आम्लाला क्षयाच्या जंतूइतका टिकत नाही, झेडएनच्या तीव्र ॲसिडमध्ये त्याचा रंग धुऊन जातो. पॅराफिन काढतानाच झायलिन दोन भाग आणि शेंगदाण्याचं तेल एक भाग, १२ मिनिटांच्या दोन बदल्या. तेलाने जंतूचं मेणाचं आवरण टिकतं. नंतर अल्कोहोलमधून न्यायचं नाही, टिपकागदाने टिपून पाण्यात. कार्बोल फुक्सिन साध्या तापमानाला अर्धा तास, ५ टक्के सल्फ्युरिक ॲसिडने एकेक स्लाइड फिकी गुलाबी होईपर्यंत, मेथिलिन ब्लू हलका. शेवटी टिपून हवेत वाळवून माउंट. तेल घाण्याचं चालेल, पण गाळलेलं. गाळ असलेलं घेतलं तर सेक्शनवर कण राहतात आणि तेच जंतू म्हणून मोजले जातात.

पेशीवाचक (मिरज)

एस-१०० चा उपयोग होतो, पण ट्युबरक्युलॉइड बाजूच्या कुष्ठातच, जिथे जंतू तसेही सापडत नाहीत. बघायचं ते ग्रॅन्युलोमाच्या आतल्या नसांचं. कुष्ठात नस ग्रॅन्युलोमाने पोखरलेली, तुकडे-तुकडे झालेली किंवा गायब. सार्कॉइड आणि ल्युपस व्हल्गॅरिसमध्ये बाजूने जाणाऱ्या नसा अखंड दिसतात. ग्रॅन्युलोमात डेंड्रिटिक पेशीही एस-१०० घेतात, त्यांना नसेचे तुकडे समजू नका. नसेचा तुकडा लांबट, लहरी आणि गठ्ठ्याने असतो. बायोप्सी उथळ असेल आणि खोल डर्मिसमधली एकही नस सेक्शनमध्ये आली नसेल, तर ‘नसा दिसत नाहीत’ म्हणजे ‘नष्ट झाल्या’ असं लिहू नका. आणखी चार-पाच पातळ्या कापून बघा, तरीही नसेल तर खोल पंच पुन्हा मागवा.